तिसऱ्या चाकाचा एवढा राग का?

‘तीन चाकांवर बसतो तो कसला रायडर!’ अमेरिकेत हार्लेवाल्यांच्या घोळक्यात हा शेरा ऐकू येतो, आणि ताम्हिणी घाटातल्या चहाच्या टपरीवर बुलेटवाल्यांच्या घोळक्यातही. तिकडे तो कॅन-ॲम स्पायडर किंवा हार्लेची ट्राय ग्लाइड घेऊन आलेल्या माणसाबद्दल असतो, इकडे मागे जादा चाकं लावलेल्या ॲक्टिव्हावरून घाट चढून आलेल्याबद्दल. मी स्वतः दोन चाकांवर फिरतो आणि पुढेही फिरणार आहे, त्यामुळे तिसऱ्या चाकाची बाजू घेण्यात माझा काही स्वार्थ नाही. पण हा शेरा खोटा आहे. तो मारताना जी कारणं पुढे केली जातात त्यांतलं एकही धड टिकत नाही, आणि ती सगळी गळून पडल्यावर तळाशी जे उरतं ते मोटरसायकलवाल्यांना शोभणारं नाही.

अमेरिकेत समोरून मोटरसायकल आली की डावा हात खाली सोडून तिच्यावरच्या अनोळखी माणसाला खूण करायची जुनी रीत आहे. तूही आमच्यातला, एवढंच त्या हाताचं म्हणणं. तीन चाकांवरच्या माणसाला हा हात करायचा की नाही, यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. बाहेरच्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण दिवसभर ऊन-वारा खात एकट्याने आलेल्या माणसाला समोरच्याचा मुद्दाम न उचललेला हात बरोबर कळतो.

सगळ्यांत मोठा आक्षेप तोलाचा. दोन चाकं पडतात, ती पडू न देणं हीच कला. तीन चाकं आपोआप उभी राहतात, मग चालवणाऱ्याचं कर्तृत्व काय? तीन चाकं आपोआप उभी राहतात हे खरं आहे, पण गाडी थांबलेली असताना. वेगात वळण घेताना काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. रिकामी रिक्षा जोरात वळवली की आतल्या बाजूचं मागचं चाक जमीन सोडू पाहतं, हे तो सांगेल. मागे बसलेले आपणही त्या वेळी बाहेरच्या बाजूला ढकलले जातो आणि समोरची आडवी दांडी घट्ट धरतो. रोज रिक्षात बसणाऱ्या लोकांनी तीन चाकं म्हणजे निर्धास्त बैठक असं म्हणावं, याचं मला नवल वाटतं.

आता हाच आक्षेप गाडीवर बसून तपासू. वेगात असताना मोटरसायकल उजवीकडे न्यायची तर उजवी मूठ पुढे दाबावी लागते. हँडल किंचित डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. जन्मभर मोटरसायकल चालवणाऱ्या कित्येकांना आपण असं करतो हे सांगताही येत नाही, कारण ते हातांना ठाऊक असतं. गाडीबरोबर माणूसही कलतो, आणि वळणाचा सगळा जोर कण्यातून सरळ सीटमध्ये उतरतो. म्हणून दुचाकीवर घाट इतका गोड लागतो. स्पायडरवर हे सगळं उलटं. तिला पुढे दोन चाकं, मागे एक, आणि ती कलत नाही. उजवीकडे जायचं तर हँडल उजवीकडेच फिरवायचं, म्हणजे डावी मूठ पुढे रेटायची. वळणाचा जोर शरीराला बाहेर लोटत असतो, त्याला उत्तर म्हणून खांदे आत न्यायचे, बाहेरच्या पायाने फूटपेग दाबून धरायचा, गुडघे आवळायचे. चाळीस किलोमीटरचा घाट असा केला की दंड आणि पोट भरून येतात.

त्यातही ज्याने दोन चाकांवर आयुष्य काढलं त्याची परीक्षा जास्त अवघड. घाबरला की त्याचे हात जुन्या सवयीने उजव्या वळणावर उजवी मूठ दाबतात, आणि गाडी डावीकडे, रस्त्याबाहेर निघते. स्पायडरला ब्रेकची लिव्हर नसते. पायाखालचा एकच पेडल तिन्ही चाकांना आवरतो. जिवावर बेतलं की बोटं लिव्हर शोधतात आणि हाताला काही लागत नाही. ज्या गाड्यांची दोन चाकं मागे असतात, म्हणजे ट्राय ग्लाइड किंवा गोल्ड विंगवर बेतलेल्या गाड्या, त्यांच्यावर आणखी एक सवय मोडावी लागते. सिग्नलला गाडी पुरती थांबण्याआधीच पाय खाली टेकवायचा, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे. तिथे तसं केलं तर मागून येणारं स्वतःच्याच गाडीचं चाक त्या पायावर चढतं. अमेरिकेच्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनने तीन चाकांसाठी शिक्षणक्रमच वेगळा ठेवला आहे. जी गोष्ट आपोआप होते तिचे वर्ग भरवावे लागत नाहीत.

आणि खड्डे. दुचाकीला रस्त्यावर एकच रेघ लागते. दोन खड्ड्यांमधून वीतभर डांबर शिल्लक असलं तरी आपण निघतो. तीन चाकांना तीन रेघा लागतात. एक चाक वाचवलं की दुसरं सापडतं, आणि एकटं चाक नेमकं लेनच्या मधोमध चालतं, जिथे पुढच्या गाड्यांचं ऑइल ठिबकलेलं असतं. त्यामुळे तीन चाकांवरच्या माणसाला रस्ता जास्त लांबून वाचावा लागतो.

यावर एक उपप्रश्न येतो: स्पायडरमध्ये तर गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, मग माणूस काय करतो? यंत्रणा आहे, बॉशबरोबर बनवलेली आहे आणि उत्तम आहे. पण हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या गाडीचं पुढचं चाक पाहावं. एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलला एबीएस सक्तीचं आहे. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देण्याचं काम आपल्या गाडीतला मेंदू करतो, आणि म्हणून आपलं रायडरपण कमी झालं असं आपण कोणी म्हणत नाही.

दुसरं कारण कलण्याचं. गाडी कलत नाही, म्हणून ती मोटरसायकलच नव्हे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. कलण्यातला आनंद मलाही सोडवत नाही. पण मग यामाहाच्या नायकेनचं काय करायचं? २०१८ साली आलेल्या या गाडीला पुढे दोन चाकं आहेत, ती ४५ अंशांपर्यंत कलते, आणि हँडल दुचाकीसारखंच उलटं दाबावं लागतं. पिआजियोची एमपी-थ्री तर २००६ पासून युरोपातल्या शहरांत कलत कलत धावते आहे. या दोन्हींवरच्या माणसांनाही तेच शेरे ऐकावे लागतात. कलणं हाच निकष असता तर नायकेनवाल्याला मानाने जवळ बसवलं असतं.

आणि साइडकारचं काय? साइडकार कलत नाही, तिला तीन चाकं असतात, तिच्यावर बसून वळण घेणं महाकठीण असतं, आणि तिच्यावरच्या माणसाला आजवर कुणी कमी लेखलेलं नाही. ‘शोले’तले जय आणि वीरू तीन चाकांवरूनच फिरले. पन्नास वर्षं आपण त्या गाडीकडे मैत्रीची मूर्ती म्हणून पाहतो आहोत. आपला मोटार वाहन कायदाही साइडकार जोडलेल्या गाडीला मोटरसायकलच म्हणतो, आणि अमेरिकेच्या वाहन-सुरक्षेच्या नियमांत तर तीन चाकांपर्यंतच्या, खोगिरावर बसून चालवायच्या गाडीला मोटरसायकलच धरलं आहे. धाडसाचं म्हणाल तर आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत १९२३ साली पहिल्यांदा साइडकार धावल्या. शंभर वर्षांनी, २०२३ साली, बेन आणि टॉम बर्चल या भावांनी साठ किलोमीटरच्या त्या फेरीत तीन चाकांवर ताशी १२० मैलांची सरासरी ओलांडली. तोवर कुठल्याच साइडकारला ते जमलं नव्हतं. गावांच्या गल्ल्या, दगडी भिंती, डोंगर, आणि वळणावळणाला जमिनीपासून काही इंचांवर स्वतःला बाहेर झोकून देणारा टॉम. तीन चाकं पेलायला छाती लागत नाही, हे त्याला सांगायला कोणी जाईल का?

परंपरेची भाषा करणाऱ्यांचं तर आणखी अवघड आहे. तीन चाकं ही काल आलेली थेरं आहेत असं त्यांना वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात फ्रान्सच्या द दियों-बुतों कंपनीच्या इंजिनवाल्या तीनचाकी सायकली धावत होत्या, शर्यती जिंकत होत्या; लुई रनॉने आपली पहिली मोटार १८९८ साली अशाच एका तीनचाकीवरून बनवली. आणि ज्या हार्लेच्या नावाने शपथा घेतल्या जातात तिनेच १९३२ साली सर्व्ही-कार नावाची तीनचाकी बाजारात आणली. दुरुस्त केलेली मोटार गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची तर गॅरेजला दोन माणसं पाठवावी लागत. सर्व्ही-कार मोटारीच्या मागच्या बंपरला जोडायची, मोटार पोचती करायची, आणि तिच्यावरून एकट्याने परत यायचं, अशी युक्ती होती. पुढे अमेरिकेतल्या शहरांच्या पोलिसांनी ती पार्किंगवर नजर ठेवायला वापरली. १९७३ पर्यंत ती बनत राहिली. हार्लेच्या गाड्यांत बटणस्टार्टही सगळ्यांत आधी, १९६४ साली, तिच्यावरच आला. दुचाकीवर तो पुढच्या वर्षी इलेक्ट्रा ग्लाइडबरोबर पोचला.

या बटणस्टार्टची हकीकत आपल्याला चांगली माहीत आहे, कारण ती आपल्याकडेही घडली. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की सुरू. तिला बायकापोरींची गाडी म्हणून हिणवणारे पुरुष मी पाहिले आहेत. पुढे बुलेटला बटण आलं तेव्हा किक मारता येत नसेल त्याने बुलेट घेऊच नये असं म्हटलं गेलं. बुलेटचा गिअर उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे गेला तेव्हाही ओरड झाली. आज हे सगळं ओरडणारे लोक बटणाने गाडी सुरू करतात आणि डाव्या पायाने गिअर टाकतात. गाडी चालवणं ज्या ज्या सोयीने जरा जास्त लोकांना शक्य झालं, त्या त्या सोयीची आधी टिंगल झाली.

उरला धोक्याचा मुद्दा: पडण्याची भीती नसेल तर तो रायडर कसला? मोटरसायकलचे अपघात कसे होतात, याचा सगळ्यांत गाजलेला अभ्यास प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरात केला. सुमारे ९०० अपघात त्यांच्या चमूने जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. तीन चतुर्थांशांच्या आसपास अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले होते, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांमध्ये दोष त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाचा होता. मोटरसायकलवाल्याचा रस्ता त्याने अडवला होता, बहुतेकदा मोटरसायकल दिसलीच नाही म्हणून. मोटारीच्या ज्या चालकाला दोन चाकांवरचा माणूस दिसत नाही, त्याला तीन चाकांवरचा तरी दिसेलच याची कोण हमी देणार? तीन चाकांवरच्या माणसाभोवतीही पत्रा नसतो, पट्टा नसतो. पाऊस त्याच्याही हेल्मेटच्या काचेवर येतो आणि ट्रकने उडवलेली खडी त्याच्याही छातीवर बसते.

तोल, कलणं, यंत्रणा, परंपरा, धोका, यांतलं काहीच टिकलं नाही, तर मग राग कशाचा? तीन चाकांवर कोण बसतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. अमेरिकेत ज्यांचे गुडघे किंवा खुबे बदलले आहेत ते बसतात. युद्धातून एका पायाने परतलेले सैनिक बसतात. उंची कमी असल्यामुळे साडेतीनशे किलोची टूरिंग गाडी सिग्नलला दोन्ही पायांवर पेलता येत नाही, अशा बायका बसतात. सत्तरी उलटलेली जोडपी बसतात, ज्यांना चाळीस वर्षं केलेली भटकंती सोडायची नसते. शेऱ्यांचे शब्दही नीट ऐका: म्हाताऱ्यांची गाडी, बायकांची गाडी, लंगड्यांची गाडी. यांत गाडीबद्दल एक अक्षर नाही. ही माणसांच्या शरीरांची टवाळी आहे, आणि ती करणाऱ्याला आपलं शरीर कायम असंच राहणार आहे असं वाटत असतं.

आपल्याकडे तर हे आणखी उघडं आहे. पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्याआधीच्या दशकांत ज्यांना पोलिओ झाला ती माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, नोकऱ्या करतात, दुकानं चालवतात, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचे पाय म्हणजे साइड व्हील लावलेली गाडी आहे. लोक तिला तीनचाकी म्हणतात. पुष्कळदा मूळचं मागचं चाक तसंच ठेवून दोन्ही अंगांना एकेक चाक जोडलेलं असतं, म्हणजे मोजली तर चार भरतात. कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने अशा बदललेल्या गाडीची वेगळी व्याख्याही आली.

अशा गाडीवर माणूस कसा बसतो ते जवळ उभं राहून पाहावं. आधी कुबड्या सीटच्या कडेला लावलेल्या लोखंडी पकडीत अडकवायच्या. एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटची कड धरून अंग वर ओढायचं. मग कॅलिपर घातलेला पाय दोन्ही हातांनी उचलून फूटबोर्डवर ठेवायचा आणि घसरणार नाही असा तिरका लावायचा. गिअर नाही, दोन्ही ब्रेक हाताशी, म्हणून ही गाडी. खड्डा आला की तुम्ही-आम्ही फूटपेगवर अर्धवट उभे राहतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. त्याला तो सगळा कण्यावर घ्यावा लागतो, प्रत्येक खड्ड्याला, घरापासून मुक्कामापर्यंत. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर दुचाकी सरळ राहते, ही गाडी तिरकी चालते, आणि तिच्यावरच्या माणसाला कंबर तेवढा वेळ दुसऱ्या बाजूला ताणून धरावी लागते. कधी खळग्याच्या दोन्ही काठांवर बाजूची चाकं टेकतात आणि मधलं चाक अधांतरी राहतं. इंजिनाची ताकद त्या मधल्या चाकालाच असते, ते जागच्या जागी गरागरा फिरतं. आपण अशा वेळी उतरून ढकलतो. त्याने उतरायचं कसं?

एवढं करून तो माणूस ताम्हिणी चढून येतो आणि टपरीवर त्याला ऐकू जाईल अशा आवाजात कोणीतरी रायडर म्हणजे काय याची व्याख्या सांगतो. मला याची चीड येते.

तीन चाकांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्याही काही गोष्टी मला मान्य नाहीत. ‘ही गाडी पडतच नाही’ असं विक्रेते सांगतात ते चूक आहे. मागे दोन चाकांची गाडी वळणात करकचून ब्रेक मारला तर उलटू शकते. मोटार चालवण्याच्या परवान्यावर अशा शक्तिशाली गाड्या चालवू द्याव्यात, ही काही देशांतली मोकळीकही मला धोक्याची वाटते. तिच्याबरोबर शिक्षण सक्तीचं हवं. गाडी रुंद असल्याने ती गर्दीतून फटीफटीने काढता येत नाही, हा खरा तोटा आहे. पण हे सगळे मुद्दे गाडीबद्दलचे आहेत, आणि गाडीबद्दल कितीही वाद घालायला मी तयार आहे.

आपल्या क्लबांनी करण्यासारखं पुष्कळ आहे. साइड व्हीलवाल्यांची वर्षातून एकदा वेगळी रॅली काढायची, झेंडा दाखवायचा, फोटो छापून आणायचे आणि उरलेल्या वर्षभरातल्या एकाही राइडला त्यांना बोलवायचं नाही, ही पद्धत आधी बंद करा. त्यांना नेहमीच्या राइडवर घ्या. गटात आपण एक डावीकडे, एक मागे उजवीकडे असे तिरक्या रांगेत चालतो. तीन चाकांना पूर्ण लेन लागते, म्हणून त्या गाडीच्या शेजारी कुणी यायचं नाही आणि पुढे-मागे निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, हे निघण्याआधी सगळ्यांना सांगा. तिला शेपटाला टाकू नका. वेग ठरवायचा तो तिच्या वळणांच्या हिशेबाने ठरवा, आणि घाटाआधीचा थांबा असा निवडा, जिथे पायऱ्या चढल्याशिवाय चहा मिळेल आणि ज्याच्या संडासाचं दार कुबड्या घेऊन आत जाता येईल एवढं रुंद असेल.